मिलतीळ

फ्लेक्स वाऱ्यानं फाटला नाही.
महापालिकेची माणसं आली होती, कात्री घेऊन.
सगळा बाजार एका रंगाचा करायचाय म्हणे,
बिस्किटासारखा.
मोबाइलच्या दुकानावरचा हसरा नट
चार घड्या होऊन टेम्पोत गेला
आणि त्याच्या मागून निघाला पत्रा.

दुकानातला पोरगा, हरिओम कुशवाह, धावत आला:
"अंकल, आप मराठी हो न? पढ़ के बताओ."
दौलतगंजात हे विचारावं अशी
आता फार दारं उरली नाहीत.
शिवाय चौतीस वर्षं मी टपाल छाटलंय,
भिजलेलं, घाईतलं, डाव्या हाताचं,
कुणाचंही अक्षर लागतं मला.

अक्षरं निळी होती कधीतरी.
निळा उडाला, कडेची काळी सावली राहिली,
तेव्हा अक्षर नसेल तिथं
सावलीवरून वाचायचं.

आवळसकर आणि मंडळी.
वेळ: सकाळीं ९ ते १२.
येथें घड्याळें दुरुस्त करून

आणि तिथं मी अडलो.
मिलतीळ.

"ये क्या है," हरिओमनं बोट दाखवलं, "आठ गिर गया क्या?"
म्हटलं, हा ळ.
"कौन सा ल?"
ल नाही रे. ळ.
त्यानं जीभ उलटी वळवून पाहिली,
च्युइंगम पडता पडता राहिलं.
हसू कशाला?
माझा नातू शाळेला शाला म्हणतो,
मी टोकणं सोडलंय.

संध्याकाळी इनायत आला,
नवी नावं रंगवायचं काम त्याच्याकडे.
खालच्या कोपऱ्यात नखाएवढं 'खलील आर्ट, लश्कर'.
तो बराच वेळ पत्र्याला पाठ करून
ब्रश पुसत राहिला, कोरडाच ब्रश.
मग म्हणाला, "अब्बा का हाथ है."

अब्बांना मराठी येत नव्हती.
गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं, ते चिठ्ठी मोठी करायचे,
आंबा काढावा, मोर काढावा, तसा ळ.
एकाच शब्दात दोन जुळ्यासारखी अक्षरं आली,
शिडीवर ऊन असेल,
याची टोपी त्याच्या डोक्यावर गेली.

मला आवळसकरांचं नवल वाटतं.
डोळ्याला भिंग लावून दिवसभर
केसाएवढा दोष शोधणारा माणूस.
रोज सकाळी कुलूप काढताना
वर बघितलं नसेल?
की भिंग काढल्यावर
त्यांना लांबचं दिसत नव्हतं?
की रंगाऱ्याचे पैसे देऊन झाले होते?

"एक बार बना के दिखाइए," इनायत म्हणाला.
डब्याच्या झाकणावर मी काढला,
टपालातला हात, बारीक आला.
एक वळसा, दुसरा वळसा,
मध्ये उचलायचं नाही.
त्यानं खाली सात काढले.
सातवा माझ्याहून चांगला.

बुधवारी बिस्किट चढलं.
पत्रा हरिओमनं काउंटरमागे उलटा टेकवला,
वर चार्जर टांगले.
मी फोटो काढायला गेलो नाही. काय करायचाय?

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली.
छत्रीबाजारात एक नवी गाडी लागली.
फ्लेक्स नाही, हातानं रंगवलेली,
निळं अक्षर, काळी सावली:
शुद्ध देसी घी की टिक्की
और गोळगप्पे.

दोन टम्म पुऱ्या शेजारी शेजारी,
वाटोळ्या, तेलात नुकत्या फुगलेल्या.
कोपऱ्यात इनायतची सही.

सहा खाल्ले मी.
पाणी तिखट होतं, डोळे भरले.
मी वर बघतोय हे बघून गाडीवाला म्हणाला,
"क्यों बाबूजी, ग़लत लिखा है कुछ?"

नाही, म्हटलं.
एक सूखी देना.